रोजचं वजा करून

४ जानेवारी

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर झालं त्याला बोलणं म्हणता येणार नाही. मामी शेजारी उभी असली की तुमचं काहीच दुखत नसतं, हे मला फ्रॉक घालत होते तेव्हापासून ठाऊक आहे. म्हणून हे पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. वाचून झाल्यावर मोठ्या वजनकाट्याखाली सरकवू नका. मागचं मामीला तिथेच सापडलं होतं.

गुडघ्याचं ऑपरेशन करायचंच आहे तर आमच्या इस्पितळात करा. माझं इथलं काम बदललं आहे, ते सांगते. नवा सांधा उत्तम बसतो, टाके भरतात, क्ष-किरणाचा फोटो फ्रेम करून लावावा इतका छान येतो, आणि तरीही पाच-सहा जणांत एकाचं दुखणं थांबत नाही. महिने जातात, वर्षं जातात. हे कुणाचं होणार ते आधी ओळखता आलं तर? ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी प्रत्येकाला नऊ प्रश्न विचारते. झोप कशी लागते, काळजी वाटते का, गोळ्या किती घेता, आणखी कुठे दुखतं, आत्ता शून्य ते दहामध्ये किती दुखतं. उत्तरांवरून फाइलला टिकली लागते. हिरवी म्हणजे धोका कमी, पिवळी म्हणजे मधला, लाल म्हणजे जास्त. लाल टिकलीवाल्यांना नस बधिर करणारं जास्तीचं इंजेक्शन मिळतं आणि दुसऱ्या आठवड्यात वेदना विभागातल्या डॉक्टरबाई त्यांना तपासतात. दुखणं पहिल्या तीन-चार महिन्यांत धरलं तर निघतं, नाहीतर घर करतं, असं त्या म्हणतात.

ही पद्धत आमच्या विभागप्रमुखांनी बसवली. त्यांच्या कोटाला सुरकुती पडलेली कुणी पाहिलेली नाही, म्हणून त्यांचं नाव इस्त्रीसाहेब. मला त्यांनी स्वतः निवडलं. थोडी मिरवते, तेवढं चालवून घ्या.

मामीला नमस्कार, आणि तुम्हाला ती रागावणार नाही इतपत लोभ.
तुमची,
खारू

---

१३ जानेवारी

चि. खारूस,
अ. आ.

पत्र पोचलं, मामीच्या हातात. ती दुकानात डबा घेऊन आली आणि पोस्टमनही तेव्हाच आला. तिनं उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाली की ऑपरेशनला जाणार असाल तर यापुढे तुम्हा मामा-भाचीची पत्रं मी उघडणार नाही. सौदा बरा वाटला. येतो.

खरं सांगायचं तर मला या गुडघ्याचा वीट आला आहे. सकाळी उठून त्याच्याकडे बघवत नाही. सुजलेला, चकचकीत, दुसऱ्या कुणाचा तरी आणून लावल्यासारखा. गोदामांतले जमिनीवरचे काटे दुरुस्त करायचे तर खाली बसावं लागतं, तरफा काट्याच्या पोटाशी असतात, मान घालून बघाव्या लागतात. गेल्या वर्षभरात मी तीन गोदामं सोडली. गिऱ्हाइकाला सांगतो की फुरसत नाही. खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे कान लाल होतात.

मला पळायचं नाही, डोंगर चढायचा नाही. गुडघा जमिनीला टेकला पाहिजे आणि पुन्हा उचलता आला पाहिजे. एवढं तुझ्या इस्त्रीसाहेबांना सांग. आणि नर्सबाईंना सांग, मला आजोबा म्हणायचं नाही.

वजनापेक्षा रतीभर जास्तच आशीर्वाद.
मामा

---

१० मार्च

चि. खारूस,
अ. आ.

ऑपरेशनला पाच आठवडे झाले. तू फोन करतेस तेव्हा मी बरा आहे म्हणतो, कारण फोन मामी कानाला लावून देते. बरा नाही.

टाका सुंदर आहे. जो येतो तो वाकून बघतो आणि कौतुक करतो. मला त्या कौतुकाची शिसारी आली आहे. पांघरूण नुसतं लागलं तरी चटका बसतो. कडेला विजेची तार सोडल्यासारखं काहीतरी सुरू होतं आणि पोटरीपर्यंत जातं. जुनं दुखणं ओळखीचं तरी होतं. हे कोण आलं आहे कळत नाही. व्यायाम शिकवायला येणारा माणूस म्हणतो की मनावर घेऊ नका. त्याच्या तोंडाला दालचिनीच्या गोळीचा वास येतो आणि तो माझा पाय धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो.

तुम्ही दिलेल्या घडीपत्रकावर एक हसरं जोडपं सायकल चालवतं आहे. त्यांच्या चाकाखाली फोन नंबर आहे. मी तीनदा केला. पलीकडच्या बाईनं तिन्ही वेळा टिकलीचा रंग विचारला. हिरवी म्हटल्यावर म्हणाली की हिरव्यांना असं दुखत नाही, व्यायाम कमी पडत असेल, दिवस आनंदात जावो.

खारू, मी चाळीस वर्षं काटे तपासतो आहे. पारड्यात माल असताना काटा शून्यावर उभा राहिला तर आम्ही काटा उघडतो. माल खोटं बोलतो असं म्हणत नाही.

तुझ्यावर राग नाही. पण दिवस जात आहेत आणि तूच लिहिलं होतंस की तीन-चार महिन्यांत धरलं पाहिजे. बघ काही होतं का.

आशीर्वाद आहेतच.
मामा

---

१७ मार्च

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळाल्या दिवशी इस्त्रीसाहेबांकडे गेले. तुमचा नऊ प्रश्नांचा अर्ज काढून त्यांनी टेबलावर ठेवला. प्रत्येक पान उलटताना ते अंगठा जिभेवर फिरवतात. हे मी सहा महिने बघते आहे, पण तुमच्या पानांवर तो ओला अंगठा उमटला तेव्हा मी नजर दुसरीकडे वळवली. ते म्हणाले की एकूण अंक फार कमी आहे, अशा माणसाचं दुखणं मागे राहत नाही, वय झालं की लक्ष वेधून घ्यावंसं वाटतं. मग अगदी प्रेमानं म्हणाले की आजवर दोनशे चौदा हिरव्यांत दुखण्याची एकही तक्रार नाही.

वेदना विभागात पाठवण्यासाठी त्यांची सही लागते. ती त्यांनी केली नाही. त्यांच्या सहीशिवाय गेलं तर आठ महिन्यांची रांग आहे.

मी खाली फोनवाल्या बाईकडे गेले. तक्रारींची वही मागितली. त्यात लालांसाठी पान आहे, पिवळ्यांसाठी पान आहे. हिरव्यांसाठी पानच नाही. तिला तसं सांगितलेलं आहे, हिरवा असेल तर धीर द्या आणि ठेवा. मामा, ते शून्य असं तयार होतं. आणि मी ते शून्य सुवाच्य अक्षरात तक्त्यावर लिहून भिंतीला लावलं आहे.

आणखी एक बघितलं. पुढच्या महिन्यात बाहेरच्या इस्पितळांतले लोक आमची पद्धत बघायला येणार आहेत. धुलाईखान्यात काम करणाऱ्या एका बाईंना लाल टिकली होती. पाहुण्यांसमोर आकडे बिघडू नयेत म्हणून त्यांच्या ऑपरेशनला दोनदा पुढची तारीख दिली. टिकली त्यांना जपण्यासाठी होती. आता ती त्यांना दारात थांबवण्यासाठी वापरतात.

आता तुम्हाला विचारते. आत्ता किती दुखतं म्हटल्यावर तुम्ही एक म्हणालात. झोप चांगली, गोळ्या नाहीत, आणखी कुठे दुखत नाही. मी लिहून घेतलं. पण त्याच सकाळी तुम्ही कठडा दोन्ही हातांनी धरून जिना चढला होतात, दर पायरीला थांबत. ते मी वरून बघत होते. मला अजून अकरा जणांना प्रश्न विचारायचे होते आणि माझ्या मामाला हिरवी टिकली मिळाली याचा मला आनंद झाला होता. एक का म्हणालात?

तुमचा लोभ आत्ता मागायची लाज वाटते, तरी मागते.
खारू

---

२३ मार्च

चि. खारूस,
अ. आ.

तुझा प्रश्न वाचून मला नवल वाटलं, कारण मला वाटलं होतं तू समजून घेतलंस.

काट्यावर काही ठेवण्याआधी रिकाम्या भांड्याचा धडा करून घ्यायचा, हे तुला माझ्या दुकानात स्टुलावर बसून शिकवलं आहे. भांड्याचं वजन आधी वजा, मग माल. भांडं धरून वजन सांगणारा चोर. तू विचारलंस आत्ता किती दुखतं. मी रोजचं बाजूला काढलं. रोजचं ते भांडं, ते काय सांगायचं? त्या दिवशी जिन्यामुळे रोजच्यापेक्षा थोडं जास्त होतं, म्हणून एक. शून्य सांगितलं असतं तर ते खोटं झालं असतं.

झोपेचंही तसंच. दोनदा उठतो, पण गेली सहा वर्षं दोनदाच उठतो, त्यात नवीन काय. पाठ दुखते, ती तुझी आई लहान होती तेव्हापासून दुखते. मामी सकाळी चहाबरोबर अर्धी गोळी देते, ती मी गोळीत धरत नाही, ती चहात धरतो.

रोजचं धरून विचारशील तर त्या दिवशी सात होतं. जिन्यावर नऊ.

हे लिहिताना मला स्वतःची किळस येते आहे. दुसऱ्यांचे काटे उघडून त्यांना शिकवणारा मी. पण खारू, नीट विचार करून सांग, तो कागद बघून कुणाला कळणार होतं की धरून सांगायचं की सोडून? मी तो पुन्हा आठवून बघितला. कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मामीला आता सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी चहाबरोबर अख्खी गोळी आली.

आशीर्वाद, काही वजा न करता.
मामा

---

१ एप्रिल

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र घेऊन गेले. इस्त्रीसाहेबांनी ते दोनदा वाचलं. मला वाटलं आता ते प्रश्न बदलतील, फोनच्या वहीत पान घालतील. ते खिडकीपाशी गेले आणि परत येऊन म्हणाले की यातून मार्ग आहे.

सोबत एक छापील कागद आहे. त्यात लिहिलं आहे की रुग्णानं प्रश्नांना जाणूनबुजून चुकीची उत्तरं दिली. तुम्ही सही केलीत तर तुमचा अर्ज मोजणीतून काढून टाकतील. मग तुम्ही हिरवे राहणार नाही, आणि येत्या सोमवारीच डॉक्टरबाईंकडे तुमची वेळ ठरेल. शिवाय चूक विचारणाऱ्याची नव्हती अशी नोंद होईल, म्हणजे माझी जागा राहील. दोनशे चौदाचे दोनशे तेरा होतील आणि शून्य शून्यच राहील.

मी त्यांना म्हणायला हवं होतं की हा कागद मी पाठवणार नाही. मी पाकीट मागितलं. दिवस मोजले मामा, सोमवारी गेलात तर दोन महिनेच झालेले असतील, अजून वेळ आहे. जाणूनबुजून हा एक शब्द सोडला तर बाकी खरंच आहे, असं मी स्वतःला सांगते आहे, आणि सांगताना तोंडात कडू येतं आहे. सही करा किंवा करू नका, मी काही म्हणणार नाही.

नाही, खरं लिहिते. मनातून वाटतं की करावी.

रागावलात तरी आपली,
खारू

---

६ एप्रिल

चि. खारूस,
अ. आ.

कागद मिळाला. मी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. मामीनं तो चिमट्यात धरावा तसा दोन बोटांनी उचलला आणि म्हणाली की हा जेवायच्या जागी नको.

मी चुकलो हे मी लिहून देईन. शंभरदा देईन. जाणूनबुजून हे देणार नाही. माझा सात मी एक म्हणून सांगितला तो मूर्खपणा होता, लबाडी नव्हती. माझ्या सहीनं दुकानदारांचे काटे खरे ठरतात. त्याच हातानं हे लिहिलं तर मी उद्या कुणाच्या दुकानात कुठल्या तोंडानं जाऊ? सोमवार जाऊ दे. दुखतंच आहे, आणखी दुखेल.

पण तुझ्यावर राग आहे, तो आता लिहून मोकळा होतो. तू पाकीट मागितलंस याचा नाही. तू म्हणालीस की मी काही म्हणणार नाही, त्याचा. दोनशे तेरा माणसांत माझ्यासारखे किती असतील याचा तू विचार केलास का? मला भाची आहे. मला पत्र लिहायला कुणीतरी आहे. त्यांना ती फोनवाली बाई आहे.

तू चूक केलीस ती मी समजू शकतो, मीही तीच केली. आता तू काय करतेस ते मला बघायचं आहे.

मामी विचारते, जेवतेस ना नीट. आशीर्वाद दोघांचे.
मामा

---

१४ एप्रिल

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी तीन दिवस उघडं ठेवलं होतं. चौथ्या दिवशी तुमच्या अर्जाच्या खाली जी रिकामी ओळ असते, तिथे लिहिलं: रोजचं दुखणं धरून सांगायचं की सोडून, हे प्रश्न विचारणाऱ्या बाईनं सांगितलं नाही. चूक तिची. पुन्हा विचारल्यावर उत्तर सात. खाली माझी सही आणि तारीख. झोप, पाठ, गोळी, सगळं दुरुस्त केलं. बेरीज मांडली. मामा, तुम्ही लाल आहात, आणि थोडेथोडके नाही.

कागद इस्त्रीसाहेबांना न दाखवता डॉक्टरबाईंना गाठलं. त्या गाडी लावत होत्या. गाडीच्या टपावर अर्ज ठेवून त्यांनी वाचला, मग मला विचारलं की असं लिहिल्यावर काय होईल ते तुला माहीत आहे ना. मी हो म्हटलं. त्यांनी तिथेच टपावर टेकून स्वतःच्या नावानं चिठ्ठी लिहिली. बुधवारी, बावीस तारखेला, सकाळी दहाला या. अडीच महिने झाले असतील, उशीर झाला आहे पण वेळ गेलेली नाही, असं त्या म्हणाल्या.

दुपारी इस्त्रीसाहेबांनी बोलावलं. आवाज चढवला नाही. पेपरमिंट पुढे केली, मी घेतली नाही. म्हणाले की मोजणीच्या कामाला थंड डोकं लागतं आणि घरची माणसं मधे आली की ते राहत नाही. दुसऱ्या दिवसापासून माझी बदली तळघरातल्या जुन्या फायलींकडे झाली. ओल आहे, नळ ठिबकतो, आणि खुर्चीच्या फाटलेल्या गादीत आधीच्या माणसानं खोचलेले जुने कापसाचे बोळे आहेत. ते मी काढले आणि हात तीनदा धुतले. वरच्या खोलीत सहा महिने मला काहीच घाण वाटलं नव्हतं, याचंच जास्त वाटतं आहे.

लोभ ठेवा. या वेळी मागायला लाज वाटत नाही.
खारू

---

४ मे

चि. खारूस,
अ. आ.

डॉक्टरबाईंकडे दोनदा जाऊन आलो. पहिल्या वेळी त्यांनी अंक विचारलाच नाही. काय करता येत नाही ते विचारलं. मी सांगायला लागलो, जमिनीवरचे काटे, सोडलेली गोदामं, आणि मधेच माझा आवाज गेला. मामीसमोर. मला माझी घृणा वाटली. मामी छताकडे बघत राहिली, हे तिचे उपकार.

एक औषध रात्रीचं आहे, त्यानं झापड येते. आठवड्याला एक इंजेक्शन आहे. तीन आठवड्यांनी पांघरूण सहन होऊ शकतं म्हणाल्या, गुडघा टेकण्याचं आत्ता सांगता येत नाही. मी विचारलं की पहिल्यापासून लाल असतो तर? त्यांनी उत्तर टाळलं नाही. निम्म्याहून जास्त वाचलं असतं, म्हणाल्या. आता जेवढं निघेल तेवढं.

ते ऐकून तुला लिहू नये असं वाटलं. मग वाटलं की तूही हेच करशील, मला वाईट वाटू नये म्हणून काहीतरी गाळशील, आणि आपण दोघं पुन्हा तिथेच येऊ. म्हणून लिहिलं. यात तुझा वाटा आहे, माझा आहे, आणि मोठा त्या कोटवाल्याचा आहे. तुझा मी माफ केला आहे. माझा अजून जमत नाही.

तळघरात दिवसभर काय करतेस?

आशीर्वाद.
मामा

---

१२ मे

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

जे लिहिलंत त्याबद्दल धन्यवाद म्हणवत नाही, पण ते गाळलं नाहीत हे बरं केलंत. दोन वेळा वाचलं. कितीदा वाचलं तरी तसंच राहतं.

तळघरात काय करते ते सांगते. इथे जुन्या फायली येतात, म्हणजे हिरव्यांच्याही येतात, फोन नंबरासकट. पाहुणे येऊन गेले, तक्त्याचे फोटो काढून गेले. इस्त्रीसाहेबांना वाटतं मी फायलींना नंबर घालते आहे. ते मी सकाळी घालते. दुपारी डॉक्टरबाईंच्या परवानगीनं, त्यांच्या खोलीतल्या फोनवरून, एकेका हिरव्याला फोन करते. रोज पाच-सहा. बरेच जण खरंच बरे आहेत, मामा. बागेत काम करतात, नातवंडांमागे धावतात, मला वेड्यात काढतात. ते ऐकूनही बरं वाटतं. पद्धत वाईट नव्हती.

आजवर चव्वेचाळीस झाले. त्यांतले सात डॉक्टरबाईंनी बोलावले आहेत.

आज दुपारी एका बाईंना केला. शाळेत घंटा वाजवायचं, दारं उघडायचं काम करत होत्या. ऑपरेशनला वर्ष होऊन गेलं. किती दुखतं म्हटल्यावर म्हणाल्या दोन. मी म्हटलं की रोजचं दुखतं ते सोडू नका, ते धरून सांगा. मग त्यांनी हळूच विचारलं, "तेही सांगायचं असतं का?"

मी हो म्हटलं. त्या आठ म्हणाल्या, आणि मग वीस मिनिटं बोलत राहिल्या.

उद्याच्या पाचांतला पहिला नंबर काढून ठेवला आहे. मामीला नमस्कार, तुम्हाला जेवढा असेल तेवढा सगळा लोभ.

आपली,
खारू